बेडोकमार्गे व्हिएन्ना

बेडोक स्टेशनवर उतरून, समोरच्या पाटीवर ठळक अक्षरांत ‘बेडोक’ लिहिलेलं असताना, पाच मुलांना शांतपणे ‘चला, व्हिएन्ना आलं’ असं सांगणाऱ्या माणसाला तुम्ही काय म्हणाल? वेडा म्हणाल? उत्तर द्यायची घाई करू नका. मी केली होती, आणि ते उत्तर मागे घ्यायला मला दीड वर्ष लागलं.

हे माझे शेजारी. मुकुंद लेले, सगळ्यांचे लेलेकाका. पासिर रिसला आमच्या ब्लॉकच्या नवव्या मजल्यावर त्यांचा फ्लॅट, आणि त्यांच्या भिंतीला लागून असलेल्या फ्लॅटमधली एक खोली मी भाड्याने घेतलेली. वय विचारलं तर ‘पंच्याहत्तरावं लागलं’ असं सांगतात, जणू एक नवीन नोकरी लागली आहे. तीस वर्षं जुरोंगच्या एका गोदीत त्यांनी जहाजांची इंजिनं दुरुस्त केली. काकू गेल्याला सहा वर्षं झाली. मुलगी मीरा मेलबर्नला, तिची दोन मुलं तिकडेच. आणि काका दर रविवारी सकाळी साडेनऊला युरोपच्या नदीवर.

ती नदी म्हणजे आपली एमआरटी, इथली मेट्रो. डॅन्यूबवरून पसाऊ ते बुडापेस्ट बोटीने जाताना काकांच्या हिशेबाने आठ धक्के लागतात, आणि पासिर रिस ते पाया लेबार स्टेशनंही बरोबर आठ. पासिर रिस म्हणजे पसाऊ. टॅम्पिनीस म्हणजे लिंझ. सिमेईला मेल्कचा मठ, ताना मेराला ड्युर्नस्टाईनचा पडका किल्ला. पुढे बेडोकला व्हिएन्ना, केम्बांगनला ब्रातिस्लाव्हा, युनोसला एस्टरगोम, आणि पाया लेबारला, जिथे माझं ऑफिस आहे, बुडापेस्ट. हा योगायोग आहे असं मी एकदा म्हटलं, तर काका म्हणाले, “योगायोग कसला, सोय आहे.”

ब्लॉकमधल्या मराठी घरांतली मुलं ही त्यांची प्रवासी मंडळी. कधी तीन, कधी पाच, कधी सात. काकांच्या डोक्यावर पांढरी टोपी, खांद्याला कापडी पिशवी. मुलांच्या हातात जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्याचे पासपोर्ट. शेवटच्या डब्यात चढायचं, कारण ‘डेक मागच्या बाजूला असतो’. दर स्टेशनवर उतरायचं, प्लॅटफॉर्मच्या बाकावर दहा मिनिटं बसायचं, काठ बघायचा आणि पुढची गाडी धरायची. वीस मिनिटांचा प्रवास ते पूर्ण सकाळभर करतात.

“आजोबा, पण गाडी आली ना, व्हाय आर वी नॉट गोइंग?” असं कोणी विचारलं की ठरलेलं उत्तर, “घाई नाही. नदी आहे.”

हे त्यांचं ब्रीदवाक्य. लिफ्ट बंद असली तरी तेच, भात करपत असला तरी तेच. दवाखान्यात आपला नंबर येऊन गेला हे कळल्यावरही ते तेच म्हणाले, आणि पुन्हा रांगेत जाऊन बसले.

आता माझी बाजू सांगते. माझे वडील पुण्यात कामगार चळवळीत होते. आमच्या घरात गादीखाली पत्रकं, फळीवर पत्रकं, तांदळाच्या डब्यामागे पत्रकं. मी जुळवून वाचलेलं पहिलं वाक्य ‘बंधूंनो आणि भगिनींनो, जागे व्हा’ हे होतं. त्यामुळे काका या फेरीला क्रूझ म्हणतात हे ऐकल्यावर माझं काय झालं असेल ते ओळखा. मी इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी चार पानी लेख लिहिला, ‘तरंगता राजवाडा कोणासाठी?’ नावाचा. बोटीच्या पोटात कोण राबतं, वर कोण नाश्ता करतं, आणि सात वर्षांच्या मुलाला चांदीच्या काट्याचमच्याचं स्वप्न कोण विकतं, असे सगळे प्रश्न त्यात होते. छापायच्या आधी तो काकांच्या हातात दिला, कारण त्यांना लाजवणं हाही एक हेतू होता.

दुसऱ्या दिवशी कॉरिडॉरमध्ये त्यांनी तो परत केला. पेन्सिलने फक्त एक खूण होती, शेवटच्या पानाच्या तळाशी.

“पत्रकवाल्या बाई,” ते म्हणाले, “लिहिलंयस झणझणीत. बोटीच्या पोटात कोण राबतं ते तर मी तुला जास्त सांगेन, तीस वर्षं तिथेच होतो. पण चार पानांत नदी कुठे आहे?”

“नदीचा काय संबंध?”

“अगं, नुसती बोटच बोट लिहिलीस. माणूस बोटीसाठी जातो का?”

मग त्यांनी मला आपल्या आरामखुर्चीत बसवलं. ती खुर्ची ते कॉरिडॉरच्या कठड्याला लावून ठेवतात. तिथून रेन ट्रीचे शेंडे दिसतात, त्यांच्यापलीकडे समुद्राची बोटभर पट्टी, आणि चांगीकडे उतरणारी विमानं इतकी हळू येतात की ती उतरतायत की विचार करतायत ते कळत नाही. काका कठड्याला टेकून बोलत होते.

“समुद्रात काठ दिसत नाही. मुलांना काठ दिसला पाहिजे. काठावर कोणीतरी कपडे वाळत घालतंय. एखादं कुत्रं आपल्याबरोबर पळतंय, मग दमून थांबतंय. चर्चची घंटा वाजते, ती आपल्यासाठी नसते. आणि आपण काही एक न करता पुढे सरकतोय. मुलाला आयुष्यात एकदा तरी असं सरकता आलं पाहिजे. नाहीतर त्याला वाटतं, आपण पाय हलवले तरच जग पुढे जातं.”

तो लेख मी छापायला दिला नाही. पटला नव्हता म्हणून नाही, अजूनही त्यातला शब्दन् शब्द मला मान्य आहे. पण त्यात नदी नव्हती हे खरं होतं. पुढच्या रविवारी मी पुरावे गोळा करायला म्हणून त्यांच्याबरोबर गेले, आणि मग जातच राहिले.

त्या सकाळी कशा असतात ते तुम्हाला सांगायला हवं. पासिर रिसहून गाडी निघते ती उंचावरून, झाडांच्या शेंड्यांच्या पातळीला. खिडकीतून ऊन आत येतं, जातं, येतं. ब्लॉकच्या खिडक्यांबाहेर बांबूंवर कपडे वाळत असतात, लाल, पिवळे, शाळेचे पांढरे. काका हलक्या आवाजात सांगत असतात, “डावीकडे द्राक्षांचे मळे. उताराचे आहेत, नीट बघा.” तुम्ही बघता, आणि क्षणभर, शपथेवर सांगते, ते उताराचे असतात.

ताना मेराला नदीचा जिना येतो. डॅन्यूबवर पाणी एकदम खाली उतरतं, तिथे बोट दोन मोठ्या दारांच्या मधे उभी करतात, दारं लावतात आणि पाणी हळूहळू सोडतात. बोट आतल्या आत खाली जाते. काकांनी गोदीत अशी दारं आयुष्यभर पाहिली, फक्त तिथे पाणी सोडल्यावर बोट कुठे जात नसे, तिचं पोट उघडं पडत असे. तर ताना मेराला गाडीची दारं लागली की काका हात वर करतात आणि मुलं गुडघे वाकवू लागतात. सावकाश. घाई केली तर बोट आपटते. गाडी पुढच्या स्टेशनला पोहोचेपर्यंत सगळी उकिडवी बसलेली असतात, आणि पंच्याहत्तरावं लागलेले काका खांब धरून जमेल तितके वाकलेले. डब्यातली माणसं फोनमधून डोकं वर काढून बघतात. एकदा बाजाराची ट्रॉली घेतलेल्या एक चिनी आजी काही न विचारता आपल्याही गुडघ्यांनी थोड्या खाली गेल्या होत्या.

मुलं काही भोळी नाहीत. आमच्या ब्लॉकमधली सिया सात वर्षांची आहे आणि वकील होणार आहे. ती बेडोकला उतरून पाटीकडे बोट दाखवते. “आजोबा, धिस वन बेडोक लाह. इट सेज बेडोक.”

“व्हिएन्नाला पहिल्यांदा आलेल्या प्रत्येकाला असंच वाटतं,” काका म्हणतात.

“आय केम लास्ट वीक ऑल्सो.”

“मग आता सवय झाली असेल.”

व्हिएन्नाला हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या ठेल्यांच्या मंडईत, आइस कचांग खायचं. रंगीत बर्फाचा डोंगर येतो, तो व्हिएन्नाचा केक. गाडीत खायला बंदी, म्हणून काकांच्या पिशवीतला चिवड्याचा डबाही तिथेच उघडतो. त्या टेबलावर मी पहिल्यांदा ती वही पाहिली. शाळेची असते तशी, निळ्या पुठ्ठ्याची. काका दर धक्क्याला तीत काहीतरी टिपून ठेवायचे.

“दाखवा बरं.”

“संशोधन आहे,” म्हणत त्यांनी मधलं पान उघडलं. चार रकाने आखले होते. नाव, वय, अडचण, उपाय.

‘सिया. सात. लिंझला चौथ्या मिनिटाला कंटाळली. उपाय, तिला टोपी दिली.’ ‘अद्वैत. दहा. मेल्कला फोन मागितला. उपाय, काठावरचे पिवळे शर्ट मोजायला लावले. एकोणीस निघाले.’ ‘सिया. सात. मुळीच कंटाळली नाही. कारण समजलं नाही, शोधणे.’

अशी पानंच्या पानं. मूल कुठे, केव्हा आणि कशाने कंटाळतं, आणि मग काय केलं की पुन्हा खिडकीशी जातं. तेव्हा मला कळलं की हा खेळ नव्हता. ही तालीम होती. काकांना आपल्या नातवंडांना, दहा वर्षांच्या ईशानला आणि धाकट्या रेवाला, खऱ्या डॅन्यूबवर न्यायचं होतं. बहुतेक बोट कंपन्या लहान मुलांना घेत नाहीत, त्यांनी शोधलेली कंपनी आठ वर्षांपासून घेत होती. काका रेवाची वाट बघत होते, आणि तोपर्यंत आमच्या ब्लॉकच्या मुलांवर कंटाळ्याचे उपाय तपासून घेत होते.

एक गोष्ट मात्र मला समजत नव्हती. काकांसमोर दोन शब्द उच्चारायची सोय नव्हती. अद्वैतची आई एकदा लिफ्टपाशी म्हणाली, “काका, आता परीक्षा आहे हो, रविवारचं ट्यूशन आहे. पुढच्या वर्षी नक्की पाठवते.” काकांनी टोपी काढली, पिशवीत ठेवली आणि जिन्याने निघाले. नऊ मजले. मी मागोमाग गेले तेव्हा चौथ्या मजल्यावर ते म्हणाले, “नाही म्हणावं. सरळ नाही म्हणावं. पुढच्या वर्षी म्हणू नये कुणी मुलाच्या बाबतीत.” बाकी प्रत्येक बाबतीत घाई नसलेल्या माणसाला एवढ्यावरून एवढं का लागावं, हे मला कोडं होतं. मी त्याचं श्रेय ट्यूशन नावाच्या संस्थेविरुद्धच्या त्यांच्या रागाला दिलं आणि खूश झाले. मला वाटलं, माणूस आपल्यातला आहे.

या वर्षी रेवाचा वाढदिवस झाला आणि काकांनी माझं दार वाजवलं. “चल. फॉर्म भरायचाय. रेवाला आठवं लागलं.”

मी लॅपटॉप घेऊन गेले. वयाच्या चौकटीत त्यांनी सांगितलं तसं आठ लिहिलं. लेले, आजोबा, एक. मीरा, एक. ईशान दहा, रेवा आठ. त्या आठवड्यात काकांनी चिवड्यासाठी हवाबंद डबे आणले, मुलांसाठी लोकरीच्या टोप्या आणल्या, आणि कॉरिडॉरमध्ये खुर्चीची दिशा बदलून ती पश्चिमेकडे केली.

मग कंपनीने मुलांच्या पासपोर्टच्या प्रती मागवल्या. त्या पाहून त्यांनी कळवलं की धाकटी मुलगी सात वर्षांची आहे आणि नियमानुसार तिला घेता येणार नाही.

चूक कोणाची? आमची. आपली म्हणा. तुमच्याही घरात वाढदिवसाच्या दिवशी हेच म्हणतात. सात पूर्ण झाली की आठवं लागतं, आणि लागलं म्हणजे झालंच, अशा थाटात आपण मुलाला पेढा भरवतो. काकांनी तिला एक वर्ष आधीच मोठं केलं होतं, आणि मी, पुण्याची, तितक्याच सहजपणे ते लिहिलं होतं.

संध्याकाळी मीराचा व्हिडिओ कॉल आला. मी तिथेच होते, फोन हातात धरून.

“बाबा, तिला सात पूर्ण झालीत. त्यांना आठ पूर्ण लागतात.”

“पण आठवं चालू आहे ना.”

“चालू आहे. झालं नाही.” मीराचा आवाज मऊ होता. ती वाईट मुलगी मुळीच नाही. “असू दे ना बाबा. आपण पुढच्या वर्षी जाऊ.”

काकांनी समोरच्या हवाबंद डब्याचं झाकण घट्ट लावलं. खाली कोणीतरी सायकलची घंटा वाजवत गेलं. मग ते म्हणाले, “हो. घाई नाही. नदी आहे.”

माझं रक्त तापलं होतं. मी जाहीर केलं की कंपनीला पत्र लिहिणार. सात वर्षांच्या मुलीला नदी बघायचा हक्क नाही असं ठरवणारे हे कोण? मसुद्याचं पहिलं वाक्यही मला सुचलं होतं. काका म्हणाले, “लिही,” आणि पुरावा म्हणून ती वही दिली. सात वर्षांची मुलं बोटीवर शहाण्यासारखी वागतात हे तीत सोदाहरण सिद्ध केलेलं होतं. एवढं बोलून ते आत जाऊन पडले.

खोलीत येऊन मी वही पहिल्या पानापासून उघडली. रकाने तेच होते, नाव, वय, अडचण, उपाय. पण नाव एकच होतं.

‘मीरा. आठ पूर्ण. बॅग भरली होती. अडचण, तेलवाहू जहाज डॉकमध्ये आलं, रजा रद्द. उपाय, पुढच्या वर्षी.’

‘मीरा. नऊ पूर्ण. बॅग भरली होती. अडचण, दोन जहाजं. उपाय, पुढच्या वर्षी.’

‘मीरा. दहा पूर्ण. डॅन्यूबचा नकाशा स्वतः काढला. उपाय, पुढच्या वर्षी.’

अकरा, बारा, तेरा. प्रत्येक वय पूर्ण, एकही लागलेलं नाही. हे सगळं काकू गेल्यानंतर कधीतरी आठवून आठवून लिहिलं असावं, शाई एकच होती. शेवटची ओळ अशी होती. ‘मीरा. चौदा पूर्ण. तिने विचारलं नाही.’ उपायाचा रकाना रिकामा होता.

मी कंपनीला पत्र लिहिलं नाही. सकाळी वही परत दिली. काकांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे, आणि दोघांनीही विमानाकडे.

पुढचे दोन रविवार बोट सुटली नाही. सिया खाली व्हॉइड डेकमध्ये, तळमजल्याच्या मोकळ्या जागेत, पासपोर्ट घेऊन बसून राहिली, आणि शेवटी वर येऊन तिने दार वाजवलं. “आजोबा, कॅप्टन कॅनॉट टेक लीव्ह, यू नो.”

काकांनी तिच्या हातातला पासपोर्ट घेऊन उघडला. मग म्हणाले, “खरं आहे. घेतली नव्हतीच कधी.” आत गेले, आणि टोपीऐवजी कॅलेंडरचा पुठ्ठा आणि कात्री घेऊन आले. त्या दुपारी त्यांनी सियाला शेजारी बसवून तीन नवे पासपोर्ट कापले. ईशान, वय दहा. रेवा, वय सात. तिसऱ्यावर त्यांनी बराच वेळ काही लिहिलं नाही. लिहिल्यावर पाकीट लगेच चिकटवलं आणि मेलबर्नला पोस्टाने पाठवून दिलं.

दहा-बारा दिवसांनी मीराचा फोन आला. काका कॉरिडॉरमध्ये खुर्चीत होते, फोन स्पीकरवर. माझं दार उघडं होतं. मी ते बंद करायला हवं होतं.

“बाबा, माझ्या पासपोर्टवर वय चुकलंय. तुम्ही आठ पूर्ण लिहिलंय.”

“नाही चुकलं.”

समुद्राच्या पट्टीवरून एक मालवाहू जहाज जात होतं. ते रेन ट्रीच्या एका शेंड्यामागे गेलं आणि दुसऱ्या बाजूने बाहेर आलं.

“बॅग भरते मग,” मीरा म्हणाली. “डिसेंबरात. तिघं येतो. बुडापेस्टपर्यंत नेणार ना?”

“नेतो की.”

फोन ठेवल्यावर काकांनी खुर्ची होती तशी पुन्हा पूर्वेकडे फिरवली.

तर बंधूंनो आणि भगिनींनो, आता मुद्द्यावर येते. डिसेंबरातल्या दुसऱ्या रविवारी ही बोट सुटणार आहे. काकांना एकच धास्ती आहे. वहीतल्या दीड वर्षाच्या संशोधनाचा निष्कर्ष असा, की मूल एकटं असलं की लवकर कंटाळतं आणि डेक भरलेला असला की कंटाळत नाही. रेवा कंटाळली तर ईशान कंटाळेल, ईशान कंटाळला तर मीराचं लक्ष त्यांच्याकडे जाईल, आणि तिचं काठाकडे बघायचं राहून जाईल. पुन्हा.

म्हणून तुम्ही या. त्या रविवारचं ट्यूशन रद्द करा, मी सांगितलं म्हणून सांगा. सकाळी साडेनऊ, पासिर रिस, शेवटचा डबा. एक मूल घेऊन या. ताना मेराला दारं लागली की गुडघे सावकाश वाकवा, लाजू नका. यायचं नसेल तर सरळ नाही म्हणा, पुढच्या वर्षीचं नाव काढू नका. आणि तुमच्याकडे मूल नसेल तर एकटे या. पांढऱ्या टोपीतला माणूस दारात वय विचारेल, तेव्हा त्याच्याकडे बघून सांगा, आठ पूर्ण.